ओ देणारा पियानो

दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं होती आणि मास्तरांच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत पायरीला दोन-दोन माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात कागदाची रिकामी पुडी. काही भाविक होते, काही नुसते बघे, आणि काही जण रांग दिसली की उभं राहायचं एवढंच जाणणारे. पियानो साफ करणारे काका एका हातात हत्यारांची पेटी आणि दुसऱ्या हातात धूळ ओढायचं मशीन घेऊन त्यातून वाट काढत होते.

"ओ काका, रांगेत या!"

"मी कामाला आलोय हो."

"मग आम्ही काय सिनेमाला आलोय?"

काकांनी वाद घातला नाही. चाळीस वर्षं लोकांच्या घरचे पियानो झाडून, पुसून, सुरात लावून त्यांची कंबर गेली होती, गुडघे गेले होते, आणि वाद घालायची हौस तर त्याच्याही आधी गेली होती. ते दर पायरीला "जरा सरका" म्हणत वर पोचले.

मास्तर म्हणजे संगीताचे मास्तर. आठ महिन्यांपूर्वी वारले. ते होते तोवर काका वर्षातून दोनदा पियानो साफ करायला यायचे. मागच्या खेपेला मास्तरांच्या बायकोनं "आत्ता नको" म्हणून परत पाठवलं होतं. काल अचानक लेकीचा फोन आला. "काका, पियानो साफ करायचाय. आणि जरा लवकर या हो." तिचा आवाज पियानोची काळजी करणाऱ्या माणसाचा नव्हता, म्हणून काकांनी हत्यारं आणली तरी आज आधी नुसतं बघायचं ठरवलं होतं.

दिवाणखान्यात दाटीवाटीनं माणसं बसली होती. भिंतीला टेकलेल्या उभ्या पियानोवर जांभळी मखमल घातलेली, ती थेट जमिनीपर्यंत. वरचं झाकण तेवढं उघडं. मखमलीला चिकटून खुर्चीत एक दाढीवाला बसला होता. अंगात मास्तरांचा तपकिरी कोट, पायात मास्तरांच्याच सपाता. लोक त्याला निरोप्या म्हणत, कारण गेलेल्यांचे निरोप तो आणून देई, असं त्याचं म्हणणं. दोन महिन्यांपासून तो मास्तरांच्या खोलीतच मुक्कामाला होता.

"शांतता!" निरोप्यानं हात वर केला. "शरीर जातं, ध्वनी जात नाही. ज्या वाद्यावर माणसानं पन्नास वर्षं बोटं ठेवली, त्या वाद्यात त्याचा ध्वनी मुक्कामाला राहतो. हे मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतंय. परदेशात प्रयोग झालेत."

"कुठल्या देशात?" एका निवृत्त पोस्टमननं भाबडेपणानं विचारलं.

"सगळ्याच," निरोप्या म्हणाला. "बाई, या. हाक मारा."

मास्तरांची बायको चाचपडत पुढे आली. खुर्चीला ठेच लागता लागता वाचली. पियानोच्या उघड्या झाकणावर वाकून तिनं, जशी पन्नास वर्षं स्वयंपाकघरातून मारली असेल तशी, मोठ्यानं हाक मारली, "अहो!"

आणि पियानोनं ओ दिली.

खरंच दिली. आतून, खोलवरून, कुणीही पट्टीला हात न लावता, एक बारीक लांबलचक "ओऽऽ" आलं आणि हळूहळू विरलं. माणसांच्या अंगावर काटा आला. पाववाल्याच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला. पोस्टमन दोन पावलं मागे सरकला तो कुणाच्या तरी पायावर.

काकांनी जांभई दिली. उद्धटपणानं नव्हे, खरोखर थकले होते.

"आता प्रश्न विचारा," निरोप्या म्हणाला. "ओ आली तर होय. नाही आली तर नाही."

"अहो, परवा डोळ्याचं ऑपरेशन आहे," बाई झाकणात बघून म्हणाली. "करून घेऊ का?"

पियानो गप्प. बाईनं पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प.

"मास्तर नको म्हणतात," निरोप्यानं मान हलवली. "डोळ्याला सुरी लागली की आतली दृष्टी गेली. मग ही हाक नाही, ही ओ नाही. त्यापेक्षा त्यांचं औषध घ्या."

औषध म्हणजे धूळ. आठ महिने पियानोवर साचलेली. ती झाडायची नाही, पुसायची नाही आणि फळी काढून पियानो उघडायचा नाही, असा दंडक होता. निरोप्यानं मखमलीचा कोपरा वर करून मऊ ब्रशानं चिमूटभर धूळ गोळा केली आणि बाईच्या मिटलेल्या पापण्यांवर लावली. लगेच साठ पुड्या पुढे झाल्या. कुणाला गुडघ्यासाठी हवी होती, कुणाला सुनेसाठी. रेटारेटीत पियानोला धक्का बसला, तसा निरोप्यानं डावा खांदा खाली घालून, तळवा पियानोच्या पोटाखाली लावून तो अलगद सावरला.

तो खांदा काकांनी ओळखला. दाढीमागचा चेहराही मग दिसायला लागला. वीस वर्षांपूर्वी काकांबरोबर पियानो वाहून नेणारा हमाल, दोरखंड. दोरीच्या गाठी अशा मारायचा की पियानो जिन्यात हलायचा नाही, म्हणून ते नाव पडलं होतं.  ही जादू दोरखंडानं कुठे पाहिली, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लेकीनं त्यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

"आईला काचबिंदू आहे काका. डोळ्यातला दाब वाढतो. दोन महिने झाले, तिनं थेंब घालणं बंद केलंय. डावा डोळा जवळजवळ गेला. डॉक्टर म्हणतात, यात गेलेली नजर परत येत नाही. उजवा वाचवायचा असेल तर परवा ऑपरेशन करायलाच हवं. आणि ही बाई धूळ लावून घेतेय!"

"तू सांगितलं नाहीस?"

"काही बोलले की म्हणते, तुझा बाप तुला नकोसा झाला का? आणि काका, मी तरी काय बोलू? तो आवाज मलाही ऐकू येतो. माझीच मती गुंग झालीये. तुम्हाला माहितीये का, कुठून येतो तो?"

काकांना वाटलं, म्हणावं नाही माहीत, पेटी उचलावी आणि घरी जाऊन पाय शेकत बसावं. साठ माणसांना शहाणं करायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आज एक निरोप्या गेला की उद्या दुसरा उभा. पण लेकीच्या हातात थेंबांची बाटली होती. सीलसुद्धा न फोडलेली.

"माहितीये," ते म्हणाले. "पण सांगून आईला पटायचं नाही, दाखवावं लागेल. उद्या सकाळी पियानो उघडतो. तो किती वाजता नसतो घरी?"

"नऊ ते बारा. भक्तांकडे नाश्ता असतो."

"एकाच घरी तीन तास?"

"पाच घरी."

सकाळी काकांनी मखमल दूर केली तेव्हा बाई आडवी आली. "हात नाही लावायचा. धूळ हलली तर ते जातील."

"वरच्या धुळीला नाही लावत, बाई. पण आत कसर लागलीये. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा खाऊन टाकतेय. अजून दोन महिने असंच राहिलं तर हा पियानो वाजायचा नाही की बोलायचा नाही."

बाईनं जरा विचार केला आणि बाजूला झाली. ऐकत मात्र तिथेच बसून राहिली.

काकांनी खालची फळी काढली. आधी तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे घातले, मग बॅटरी मारली. कोपऱ्यात उंदरानं घर केलं होतं. मास्तरांच्या सुरावटींचे कागद कुरतडून छान गादी केली होती. लेंड्या होत्या, कसरीच्या अळ्यांच्या सालपटांचा ढीग होता, आणि सगळ्यावर एक पांढरट भुकटी. भुकटी काकांच्याच हातची, कसर मारायला शेवटच्या साफसफाईनंतर टाकलेली, आता फळीच्या फटींतून बाहेरच्या धुळीतही मिसळलेली.

"बाई," काका म्हणाले, "तुम्ही डोळ्यांना लावता ना, त्यात ही पावडर आहे. विषारी असते. टाकताना मीसुद्धा हातमोजे घातले होते. आणि उंदराच्या लेंड्या आहेत."

बाई शांतपणे म्हणाली, "तुम्हाला धूळ दिसते. मला ते दिसतात."

  काकांनी मशीन लावून आतलं सगळं ओढून काढलं, बारीक ब्रशानं हातोड्यांच्या फटी साफ केल्या, तारांवरचा गंज सुक्या फडक्यानं पुसला. काम चाललं की त्यांच्या पाठीला जरा बरं वाटायचं. शेवटी ते पेडलांशी आले. पितळेची तीन पेडलं. डावं काळवंडलेलं, मधलं काळवंडलेलं. उजवं आरशासारखं लखलखीत, रोज पाय घासून घासून. पट्ट्यांवर मात्र बोटाचा एक ठसा नव्हता.

उजव्या पेडलापासून वरपर्यंत हातभर लांबीची एक लाकडी दांडी जाते. काकांनी ती अलगद काढली, पेटीत ठेवली, फळी लावली आणि मखमल होती तशी घातली. बाईला न सांगता केलं, याचं त्यांना वाईट वाटलं. पण केलं.

चार वाजता पुन्हा तीच दाटी. काका भिंतीला टेकून उभे होते. निरोप्यानं ध्वनी, विज्ञान आणि परदेश असं सगळं पुन्हा एकदा आळवलं. बाईनं वाकून हाक मारली, "अहो!"

काही नाही.

"पुन्हा मारा."

"अहो!"

काही नाही. फक्त मखमलीमागून खट्, खट्, खट् असा आवाज.

निरोप्याच्या कपाळावर घाम आला. "कुणीतरी संशयी माणूस आलंय इथे! संशयानं ध्वनी आखडतो. आणि खोलीची हवासुद्धा आज जड आहे. आणि खिडकी चुकीच्या दिशेला उघडलीये."

"नाचता येईना, अंगण वाकडं," काका म्हणाले. "महाराज, पाय जरा जपून. पेडल तुटेल."

 काका पुढे आले आणि त्यांनी मखमल ओढली. मास्तरांच्या सपातेतला निरोप्याचा उजवा पाय पितळेच्या पेडलावर होता. तो मागे घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"काय केलंत तुम्ही?" बाई किंचाळली. "धूळ हलवलीत! घालवलंत त्यांना!"

"घालवलं नाही, बाई. मास्तर या पियानोत नव्हतेच. जे होतं ते हे." काकांनी पेटीतून दांडी काढून तिच्या हातात दिली. "सकाळपासून माझ्या पेटीत आहे."

तिनं दांडी चाचपली. काकांनी ती परत घेतली, सगळ्यांसमोर फळी काढून जागेवर बसवली आणि वरची फळीही काढली. "आता बघा. प्रत्येक तारेवर ही छोटी गादी टेकलेली असते. ती तारेला गप्प ठेवते. मी पेडल दाबतो. हं. सगळ्या गाद्या उचलल्या. तारा मोकळ्या. रस्त्यावरून ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरतात ना? तसंच हे. मोकळ्या तारांवर आवाज आदळला की त्याच्या सुराच्या तारा थरथरतात आणि तोच आवाज परत देतात. पोस्टमनसाहेब, ओरडा काहीतरी."

"काय ओरडू?"

"काहीही."

पोस्टमन सगळी हिंमत गोळा करून ओरडला, "बटाटाऽऽ!"

"आऽऽ," पियानो जाडसर आवाजात म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. पाववाल्यानं पुढे येऊन "एऽऽ" केलं, पियानोनंही "एऽऽ" केलं. त्याच्या बायकोनं पदर सोडून बारीक "ईऽऽ" केलं, बारीक "ईऽऽ" परत आलं. काकांनी पेडलवरून पाय काढला. आता ओरडून ओरडून घसा बसला तरी पियानो ढिम्म.

"पाय खाली, तर होय. पाय वर, तर नाही. एवढाच निरोप," काका म्हणाले.

"तुमच्या का पोटात दुखतंय पण?" मागून एक जण चिडून म्हणाला. "लोकांना बरं वाटत होतं ना!"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. उत्तर देणार होते, पण आधी एक वेगळंच देणं होतं.

"आणि हे याला शिकवलं मी," ते म्हणाले. "पियानो पोचवायला जायचो तेव्हा घरातली पोरं जमायची. मी पेडल दाबून त्यांना ओरडायला लावायचो आणि सांगायचो, आत एक म्हातारा राहतो. पोरं खूश व्हायची, म्हणून फळी उघडून कधी दाखवलं नाही. पियानोची दुसरी बाजू धरून हा उभा असायचा. काय रे दोरखंड?"

निरोप्यानं मान खाली घातली. आवाजातला सगळा ध्वनी उतरला होता. "पाठ मोडली काका माझी तुमचे पियानो उचलून. काम सुटलं. तेव्हा बोललो तर कोण ऐकत होतं? दाढी वाढवली, तसे बसून ऐकायला लागले."

"पाठ माझीही मोडलीये. म्हणून मी कुणाचे डोळे घालवले नाहीत. कोट काढून ठेव. सपाताही."

त्यानं दोन्ही काढून खुर्चीवर ठेवलं आणि माणसांच्या मधून तो निघून गेला. कुणी अडवलं नाही. मघापर्यंत जे त्याच्या पाया पडत होते ते आता छताकडे बघत होते.

बाई अजून पियानोपाशीच उभी होती. "मग माझ्या हाकेला ओ कोण देत होतं?"

"तुमचाच आवाज, बाई."

"खोटं."

"मास्तरांचा आवाज कसा होता?"

"भारदस्त. खालच्या खोलीत बोलले तरी वर ऐकू यायचं."

"आणि पियानोतून यायचा तो?"

तिनं पियानोच्या कडेवर हात ठेवला. मग म्हणाली, "बारीक यायचा. मला वाटायचं, फार लांबून येतोय म्हणून बारीक येतोय."

लेक रडायला लागली. 

"आठ महिन्यांपूर्वी एकदा गेले ते," बाई म्हणाली. "आज तुम्ही दुसऱ्यांदा नेलंत."

"हो," काका म्हणाले. "नेलं. मला माफ नका करू. पण उजव्या डोळ्याला अजून थोडं दिसतंय ना? ते तेवढं ठेवा. मास्तर परत येणार नाहीत आणि डावा डोळाही यायचा नाही. उजवा मात्र अजून गेलेला नाही."

लोक पायऱ्या उतरायला लागले. पाववाल्यानं आपली पुडी चुरगाळून टाकली. त्याच्या बायकोनं मात्र कालची भरलेली पुडी हळूच कमरेला खोचली. "असू दे," ती पुटपुटली. "असला गुण तर असला." काकांनी पाहिलं आणि हात जोडले, तिला की स्वतःच्या नशिबाला कोण जाणे.

खोली रिकामी झाल्यावर बाई खुर्चीत बसली. कोट मांडीवर घेतला, त्याच्या कॉलरवरून हात फिरवला. मग लेकीला म्हणाली, "ती बाटली कुठे ठेवलीस?"

लेकीनं बाटली आणली खरी, पण रडण्याच्या भरात तिला सील निघेना. "काकांना दे," बाई म्हणाली. "त्यांचा हात स्थिर आहे."

काका आधी नळाशी गेले. साबण लावून, नखं घासून, दोनदा हात धुतले. ओल्या कापसानं तिच्या पापण्यांवरची धूळ पुसली. कापूस राखाडी झाला, दुसरा घेतला, तोही झाला, तिसऱ्याला पापण्या स्वच्छ झाल्या. मग खालची पापणी किंचित ओढून त्यांनी एकेक थेंब सोडला. बाईच्या गालावरून बरंच पाणी वाहिलं. ते सगळं औषधाचं नव्हतं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. उजवा डोळा वाचला. डाव्यात आता फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. ते नुकसान कुठल्याही डॉक्टरला भरून काढता येणार नाही. दोन महिन्यांचे थेंब चुकले, त्याची ती किंमत.

वाचकहो, बाईला कुणी वेडी म्हणू नका. ज्याचं माणूस गेलंय त्याला हाकेला ओ हवी असते, ती कुठूनही आली तरी चालते. दुःखात विचारायचं भान राहत नाही. म्हणून तर शेजारी असतात, ओळखीपाळखीचे असतात; त्यांनी विचारायचं असतं. झाकून का ठेवलंय? उघडायचं का नाही? पाय कुठे आहे? जिथे आत बघू नका म्हणतात तिथे आधी आत बघायचं असतं, आणि ज्याला कळ ठाऊक आहे त्यानं लाज सोडून ती दाखवायची असते. बाईला दिसत नव्हतं, मान्य. पण दोन महिने त्या जिन्यावर रोज जी साठ माणसं उभी होती, त्यांचे डोळे तर शाबूत होते!